आवाज देत जाय

शिरपूरहून दोंडाईच्याला शेवटची गाडी सव्वाआठची.
कंडक्टर विचारतो, "एकच?"
मी म्हणते, "एकच."
चौदा वर्षं झाली,
हा प्रश्न फक्त तिकिटाचा आहे
याची अजून खात्री नाही.

पायाशी बॅग. आत थर्मामीटर, दोरी,
खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे
आणि तळाशी आईनं दिलेली पुडी:
दोंडाईच्याची मिरची, तिनंच कांडलेली.
"डोयासमा टाक नि पय,"
नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी म्हणाली होती,
पेढ्याच्याही आधी.

पुडी एकदाही सोडली नाही.
बाकी पुष्कळ केलं.
नसलेल्या भावाशी फोनवर बोलत राहिले,
त्याचं नाव ठेवलं वसंत, पोलिसात लावला,
मध्ये एकदा बढतीही दिली.
सारंगखेड्याच्या जत्रेतलं चाळीस रुपयांचं मंगळसूत्र
लग्नाआधी दोन वर्षं घालून हिंडले.

म्हशी तपासायचं माझं काम.
पहिल्याच महिन्यात चिमठाण्याला एकीनं लाथ घातली.
मालक बारकू आप्पा गुडघ्याला हळद लावत म्हणाले,
"मांगून नको जाऊ वं पोरी.
आवाज देत जाय.
तू कोठे शे, तिले समजू दे."

नरडाण्याला अर्धी गाडी उतरली.
दिवे घालवले.
मग सीटच्या फटीतून
एक हात.
आधी चुकून आल्यासारखा.
मग चुकून न आल्यासारखा.

फोन सात टक्के. वसंत कामाचा नव्हता.
पुडी तळाशी, हातमोज्यांच्या खाली.

मी उभी राहिले
आणि गोठ्यात निघतो तोच आवाज निघाला:
"सरक मांगे!"

कंडक्टरनं घंटी एकदाच ओढली. दिवे लागले.
सतरा माणसं वळून बघत होती,
आणि मागचा खाली वाकून
नसलेली चप्पल शोधत होता.
त्याला म्हणे शिंदखेड्यालाच उतरायचं होतं.
तिकीट दोंडाईच्याचं.
उतरू दिलं. नाव विचारून घ्यायला हवं होतं;
तो राग आज हे लिहितानाही मनगटात आहे.

(म्हशीशी त्याची तुलना नाही.
ती बिचारी घाबरली होती.)

"बाई, आधीच पुढं बसायचं ना," कंडक्टर म्हणाला.
"मागच्या सीटचं भाडं कमी घेता का?" मी विचारलं.
त्यानं चिल्लर मोजायला घेतली.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं मांडीवर सॅक ओढून जागा केली.
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. नाव हर्षाली.
बराच वेळ खिडकीबाहेरचा अंधार बघून
हळूच म्हणाली,
"ताई, ते परत म्हणून दाखवाल?"

दाखवलं. तिनं केलं.
पहिल्यांदा विनंतीसारखं निघालं,
शेवटी जवळजवळ 'प्लीज' लागलेलं.
"घशातून नको. बेंबीपासून काढ."
दुसऱ्यांदा ड्रायव्हरनं आरशात बघितलं.
तिसऱ्यांदा त्यानं गाडी थोडी डावीकडे घेतली,
आणि आम्ही दोघी तोंडात ओढणी कोंबून हसलो.

उतरण्याआधी बॅगेतून पुडी काढली, तिला द्यावी म्हणून.
तिनं पर्सची चेन उघडून दाखवली.
तिच्याकडे तिची होती.
तिलाही आई होती.

तेवढ्यात दोंडाईचा आलं.
मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा आला
आणि अख्खी गाडी ठसकायला लागली,
कंडक्टरसुद्धा.