लाईट गेली म्हणजे बंद नव्हे

वसमतला मोंढ्यामागच्या गल्लीत
हळद पॉलिश करायच्या ढोलाला लागून आमचं शेड.
दारातल्या फळीवर दोन धुळी बसतात,
हळदीची आणि लाकडाची,
उन्हात कुठली कुठं संपते ते
मलासुद्धा जिभेला लावल्याशिवाय कळत नाही.

मशीन नांदेडहून आलं, वापरलेलं.
चौघांनी उतरवलं, पाचव्यानं सल्ला दिला.
फरशी उतरती. पाणसळीतला बुडबुडा
सारखा दाराकडं पळायचा,
शेजारची कडी वाजली की आत्याबाई पळतात तसा.
एका पायाखाली पत्र्याची चकती,
मग अर्धी चकती,
तेव्हा कुठं मध्ये येऊन बसला.

इलियास मिस्त्री पायरीवरून बघत होते.
पंचेचाळीस वर्षं सुतारकी आणि दाही बोटं शाबूत,
म्हणून तालुक्यात त्यांना अजून कच्चे म्हणतात.
"काम केलं का नुसता फोटो काढला?"
ते दाही बोटं मोडून दाखवतात.
कडकड.

"मोटर नक्को लावू अजून.
प्लग काढ, अन् डोळ्यासमोर ठेव.
दिसला पाहिजे, निघालेला."

पात्याच्या एका दाताला खडू लावला.
त्याच दातापासून पुढं मोजलं,
पातं हातानं फिरवून तोच दात मागं नेला, मागं मोजलं.
एका कागदाचा फरक.
"कागदच तर आहे," पाचवा म्हणाला.
"कागद नाही, लाथ आहे ती.
लाकूड मागं चिमटलं की मशीन गाढवावानी झाडतंय.
गाढव तरी आधी कान पाडतं."

पात्यामागची पाचर गायब होती.
जुन्या मालकाला आडवी यायची म्हणे, काढून टाकली.
"त्याची बोटं किती?" मिस्त्रींनी विचारलं.
पाचवा बाहेरच्या टेम्पोकडं बघत राहिला.
दुसऱ्या दिवशी पोलादी पट्टीतून नवी कापून आणली,
पात्याच्या अंगापेक्षा जाड,
दातांच्या रेघेपेक्षा बारीक.

मग ओढणी सोडली. वेणी आत खोवली.
हिरव्या बांगड्या उतरवून खिळ्याला अडकवल्या.
तेवढ्यात चहा घेऊन आत्याबाई.
"काय करायलीस गं? दिवेलागणीला मोकळे हात?"
व्यंकट हैदराबादच्या रोडवर, ट्रकात, धडधाकट,
आत्ताच फोन झालेला.
"हात राहिले तर बांगड्या," मी म्हणाले.
त्यांनी कपबशी खाली ठेवली, जरा वाजवूनच.

प्लग लावला. पात्याच्या रेषेत नाही,
बाजूला सरकून उभी राहिले.
लिंबाची फळी, हातात ढकलकाठी,
गरजेपुरतंच वर आलेलं पातं.
करवत बोलायला लागली
आणि हातभर कापून झालं तोच
लाईट गेली.

पातं दमत दमत थांबलं.
ढोलही थांबला. गल्लीभर एकदम कान मोकळे.
एक ढलपी दातांत अडकलेली.
इतकी जवळ, इतकी साधी,
माझा हात निघालाच होता

आणि मनगटावर मिस्त्रींची काठी.
मारली नाही. ठेवली.
"लाईट गेली म्हणजे बंद नव्हे.
बटण बघ."
बटण चालूच होतं.

लाल दाबलं. प्लग उपसला. डोळ्यासमोर ठेवला.
चहा घेतला, गार झालेला.
कुणी काही बोललं नाही.
आणि मग शेजारचा ढोल,
ज्याच्यापाशी कुणीच नव्हतं,
एक हिसका देऊन आपला आपण फिरायला लागला,
पोटात हळकुंडं खडबडवत.

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं.
आत्याबाईंनीही बघितलं.

आठवड्यानं स्टार्टर बसवला, चौदाशे रुपयांचा.
लाईट गेली की तो पडतो,
लाईट आली तरी उठत नाही,
माणसानं उठवावं लागतं.
आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.
खिळ्यावरच्या बांगड्या एका हातानं जरा सरकवल्या,
दारातल्या फळीवरून चिमूटभर पिवळं उचललं,
आणि लावायच्या आधी
जिभेवर ठेवून खात्री करून घेतली.