हंगाम १९०८-०९

तागाच्या कापडावर चिकटवलेला नकाशा,
सोळा घड्या,
घडीघडीत कसरीचं पीठ.
शहाद्याच्या या कचेरीत तो माझ्याआधीपासून आहे.

तपकिरी रेषा वर सरकताना दाटत जातात,
कागदावरही दम लागावा असा सातपुडा.
मुंगीएवढ्या अक्षरांत ओढ्यांची नावं,
साहेबाच्या कानात जशी वाहिली तशी.

तोरणमाळच्या अंगाला तीन फुल्या:
चाचणी खड्डे. तांबे?
प्रश्नचिन्हासकट छापलंय.
काळ्या दगडावर हिरवा डाग दिसला असेल
आणि कुणीतरी महिनाभर माणसं लावली खणायला.
आमच्या दगडाची ही जुनी खोड,
हिरवा होतो, तांबं देत नाही.

फुल्यांखाली तुटक रेषेचा चौकोन.
गुरांचा वाडा, ओसाड.

हा चौकोन मागायला
सायसिंग पावरा दोन बस बदलून आलाय.
वनहक्काच्या दाव्याला जोडायचाय.
ओसाड लिहिलेला पुरावा कसा जोडणार, मी विचारतो.
तो वाकतो, बोट ठेवतो रेषांवर
आणि वरून खाली आणतो सावकाश,
जणू बोटामागे कळप आहे.
"इथून वाट नाही. म्हैस पडेल.
वाट या खड्ड्यावरून."
"तो तांब्याचा खड्डा."
"पाण्याचा," तो म्हणतो. "आजा तिथंच गुरं पाजायचा.
पौषात आटतो."

शिपाई खांद्यावरून डोकावतो,
"आठे ते काहीच नई शे, भाऊ."

सायसिंग विचारतो, साहेब आला कोणत्या महिन्यात?
कोपऱ्यातली बारीक ओळ मी भिंगाखाली धरतो.
फेब्रुवारी, मार्च.
तो हसतो, पहिल्यांदाच,
पानाने रंगलेले चार दात.
"खड्डा आटला की गुरं खाली.
तापीच्या अंगाला, पळाट्या चरायला.
माणसंपण त्यांच्यामागं.
वाड्यात कोण भेटणार त्याला?"

एवढंच होतं तर.
घोड्यावरून आलेला एक माणूस,
रिकामं कुंपण, थंड राख,
आणि एक शब्द, जो शंभर वर्षं कुणी खोडला नाही.

शिक्का मारायचा अधिकार मला नाही.
नकलेच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहितो:
मोजणीच्या वेळी गुरे चरायला गेली होती.

नकाशा मिटताना
चौकोन नेमका घडीवर येतो, झिजलेल्या रेघेवर.
मी पुन्हा उलगडतो
आणि या खेपेला घडी बाजूने घालतो.