नकाशातले कुरव

तीन मीटर लांब फ्लेक्सवर विश्वामित्री निळी आहे,
इतकी, की मला आधी ओळखूच आली नाही.
मी तर हिच्या वासावर वाढले.
दांडिया बाजारातून सायकलने काळाघोड्याचा पूल ओलांडताना
नाकाला रुमाल, नजर मात्र कठड्याखाली:
दिसली का आज?
मगर दिसली की पेपर सोपा जायचा.

फ्लेक्सवर मगर नाही.
फ्लेक्सवर कुरव आहेत. अकरा. मी मोजले.
हे चित्र मुळात कुठल्याशा बंदराच्या शहराचं,
कंपनीने तिथला धक्का उचलला, इथे आणून ठेवला,
मागच्या क्रेन पुसल्या,
जाळी पुसली, जाळी विणणारे पुसले,
पक्षी पुसायचे राहिले.
आणि जहाज बांधायचा लोखंडी खुंट,
तोही.
त्यावर एक मुलगी आइस्क्रीम खात बसली आहे.

मी महापालिकेत ड्राफ्ट्समन.
(हो, मनच. एकवीस वर्षांत हुद्द्याचं लिंग बदललेलं नाही.)
माझं काम पातळ्या तपासण्याचं.
सव्वीस फुटांवर धोक्याची रेघ मी लाल ओढली,
ती आइस्क्रीमवालीच्या गळ्यातून गेली.
साहेब म्हणाले,
पोतनीस, ही लाल जरा फिकी करा.

सुनावणीला उकाभाई धोबी आला होता,
इस्त्रीचा सदरा, बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली.
बोटाने न शिवता त्याने चित्राकडे दाखवलं:
बेन, हे पाखरू कुठलं?
समुद्रावरचं, मी म्हटलं.
म्हणजे दरिया इथवर येणार?
मागच्या खुर्चीतलं कुणीतरी हसलं.
तो नाही हसला.
पाणी इथवर आलेलं त्याने पाहिलं आहे.

मग तो दगडाबद्दल बोलला.
जागा दुसरी द्याल, साहेब, नळ पण द्याल,
पण दगड माझ्या बापाचा,
त्याच्या हाताने उजवीकडून झिजलेला.
मी डावरा.
तरी तिकडूनच आपटतो.

मोबदल्याच्या तक्त्यात रकाने होते
छपरासाठी, झाडासाठी, गाढवासाठीसुद्धा.
मी दोनदा वाचला तक्ता.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
शीट क्रमांक सातवर, पायऱ्यांच्या तळाशी,
मी एक छोटा लंबगोल काढला,
उजवीकडून चेपलेला.
खुणांच्या यादीत त्याचं नाव लिहिलं नाही.
साहेबांनी सही केली. कुरवांसकट.

दोन महिन्यांनी कंत्राटदाराच्या माणसाचा फोन.
मॅडम, सात नंबरवर हे काय आहे? खड्डा की उंचवटा?
आहे तसं ठेवायचं, मी म्हटलं.
पण आहे काय?
जुनं आहे.
तो थोडा वेळ गप्प. पलीकडे पोकलेन चालू.
बरं, म्हणाला,
आजवा किती झालं?
दोनशे अकरा.
मग त्याने फोन ठेवला.
आमच्याकडे जुलैत सगळी बोलणी इथेच संपतात.