चालू

सकाळच्या हुतात्मानं पुण्याला गेले,
रात्री परत आले. दंडावर कापूस नाही.
"टोचलं नाही?"
"गरज नाही म्हणाली डॉक्टरीण."
आणि पिवळं कार्ड माझ्या सुपात टाकलं,
तंबाखूवर, कापून ठेवलेल्या पानांशेजारी.

नाव : गुंडेटी अंबादास नरसय्या.
तारीख सोळा वर्षांपूर्वीची.
तेव्हा केनियात थिकाला गेले होते, टॉवेलचे माग बसवायला,
लावण्या पोटात होती.
शिक्क्याखाली पेनानं लिहिलेलं, दहा वर्षं.
ती कधीच संपली.
आता नियमच बदललाय म्हणे :
एकदा टोचलं की जन्मभर.

यांना पटेना.
तीस वर्षं फिटर.
ग्रीस न मागणारं बेअरिंग यांनी पाहिलेलं नाही.
धोटा झिजतो, पट्टा सैल पडतो,
अक्कलकोट रोडचा एकेक माग आठवड्याला हात मागतो,
आणि रक्त तेवढं बिनदेखभालीचं?
पैसे देतो, अजून एक टोचा,
म्हणून तिथं हटून बसले होते.

डॉक्टरीण हसली नाही.
म्हणाली, दुबळा केलेला ताप एकदा आत सोडला,
रक्तानं त्याला गाठलं, चेहरा ध्यानात ठेवला.
कुणाकुणाचं रक्त विसरतं, मोठ्या आजारानं,
त्यांना पुन्हा द्यावा लागतो. तुमचं तसं नाही.
किती वर्षांनी किती उरतं,
ते मोजणारे अजून मोजतायत.

मला पटलं.
मी सातवीत विडी शिकले.
अम्मानं माझी बोटं आपल्या बोटांत धरली, एकच दुपार.
लावण्याच्या वेळी सव्वा वर्ष पानाला हात लावला नाही,
पुन्हा बसले
तर पहिल्याच विडीचं तोंड नीट दुमडलं.

यांना म्हटलं, चालु.
आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
लावण्या वहीतून मान वर न करता म्हणाली,
मराठीत चालू म्हणजे थांबलेलं नाही.
हे दोघींकडे बघत राहिले.
मग कार्ड फुंकून, लुंगीला पुसून
पासपोर्टात ठेवलं.

पहाटे तीनला नळ आला, पाचव्या दिवशी.
पिंप कलतं केलं तर तळाला वळवळ,
आणि काठावरून एक उडाला,
पायांवर पांढरे पट्टे.
तिकडचा ताप याच जातीवर बसून फिरतो,
हेही पुण्यात सांगितलं होतं.
इथं तो ताप नाही. गाडी तेवढी उभी आहे,
आणि दुसरे ताप तिच्यात बसतातच, मागच्या श्रावणात
गल्लीतली तीन पोरं सिव्हिलला होती.

हे आत झोपलेत, दंड उघडा टाकून.
मी पिंप घासते, भरते,
जुन्या चादरीचा तुकडा तोंडावर ओढते,
सुतळीची दुहेरी गाठ.

ही मात्र पाच दिवसांनी परत सोडायची,
परत बांधायची.