वरचा बांगडा

एल्मिनाच्या किनाऱ्यावर, आमच्या धुराच्या भट्टीपाशी
मंत्री आले तेव्हा म्हणाले,
"अराबा मावशी, गुडघा कसाय आता?"
बायका हरखल्या.
मी मात्र पाहिलं होतं:
चष्मेवाल्या पोराचे ओठ
त्यांच्या कानाशी आधी हलले होते.

गुडघा माझा नव्हताच. बहिणीचा.
ती तर केव्हाच गेली.

निवडणूक हरल्यावर
परवा एकटेच आले.
चपलेत वाळू, धुरानं डोळे चुरचुरताहेत,
खिशात रुमाल सापडेना.
चार बांगडे मागितले,
भावावरून चांगली घासाघीस केली,
आणि निघताना अडखळले:
"नाव काय तुमचं?"

सांगितलं.

पाचवा बांगडा कागदात गुंडाळला गेला
तो मी मोजला नाही.
त्यांनीही नाही.