खळं

ग्लासगोत, होप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, सकाळी सात दहाला
मी तिवईवर पंप चढवते
आणि हवा मोजून घेते
मिनिटाला अठ्ठावीस लिटर,
वर चिमूटभरही नाही.

बस येतात, उसासा टाकून एका अंगाला वाकतात,
म्हाताऱ्यांना पोटात घेतात.
कुणीतरी शिंकतं. कुणाचा कुत्रा अंग झाडतो.
डिझेल, तळलेले बटाटे, ओली लोकर,
आणि या सगळ्यातून, धुळीच्या कणावर मांडी ठोकून
बिनतिकिटाचे ते.

समोर सेंगाचा फुलांचा ठेला.
पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय पकडतेस त्या डब्यात?
हवा, म्हटलं.
आणि याचा पगार देतात?
तेव्हापासून ती मला हवावाली म्हणते,
म्हणजे तिच्या बोलीत काहीतरी म्हणते,
मी ते असं ऐकते.

प्रयोगशाळेत अठ्ठेचाळीस तास ऊब द्यायची.
मग काचेच्या ताटल्यांत उमटतात
मोतिया, हळदी, एखादा गुलबट ठिपका.
एकेकाला उचलून नव्या ताटलीत पेरायचं,
वर औषधाच्या चकत्या, टिकलीएवढ्या.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती
गोल मोकळी जागा राहते.
तिला इंग्रजीत एक कोरडं नाव आहे.
मी खळं म्हणते.
चंद्राला पडतं ते,
किंवा सारवून ठेवलेलं, ज्यावर अजून कणीस पडलेलं नाही.

या आठवड्यात नऊ नंबरच्या ताटलीत
खळं पडलंच नाही.
‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीलाच टेकवून
स्कूटर लावावी,
तसे चकतीला खेटून उगवलेत.

ही विद्या एकेकट्याने कमावलेली नाही.
ते एकमेकांना देतात.
वाटीभर विरजण आहे का हो, म्हणत
भिंतीवरून हात पुढे यावा तसं,
जात न विचारता.
(इथे जात म्हणजे खरंच जात, जीवशास्त्रातली.
आपली दुसरी. तिथे आपण विचारतो.)

माझ्याही फ्रीजमध्ये एक वाटी आहे,
तीन वर्षांपूर्वी फडक्यावर सुकवून
विमानातून आणलेली.
कस्टमच्या माणसाने विचारलं, खाण्याचं काही?
मी नाही म्हटलं.

मार्चमध्ये सेंगाची दाढ सुजली.
दाताच्या डॉक्टरची तारीख तीन आठवड्यांनी.
माझ्या पर्समध्ये पुण्याच्या दुकानातलं,
बिनचिठ्ठीचं पाकीट होतं.
सहातल्या दोन घेऊन मला बरं वाटलं होतं,
उरलेल्या चार
तिच्या हातावर ठेवल्या.
मी. दिवसभर त्या ताटल्या वाचणारी.
तिने पिवळे ट्युलिप दिले,
देठांना ओला कागद गुंडाळून.
दोघींनाही त्या दिवशी छान वाटलं,
हे खोटं नाही.

मॅकिनेस सर विचारतात, नऊ नंबर कुठला?
रस्ता सांगते, वेळ सांगते, वारा नैर्ऋत्येचा.
आसपास काही विशेष?
फुलांचा ठेला, मी म्हणते.
ते लिहून घेतात: फुलं.

नऊ नंबर म्हणजे सेंगा नव्हे, हे मला कळतं.
या रस्त्यावरून रोज हजारोंचे श्वास जातात,
हजारो पर्स, हजारो उरलेल्या गोळ्या.
कळतं,
आणि तरी रात्री दुधात बोट बुडवून ऊब बघताना
हात जरा जास्तच वेळ धुते.

आज सकाळी ती ठेल्यावरून ओरडली,
गाल एका बाजूने फुगलेला:
हवावाली, त्या गोळ्या आहेत का गं अजून?

पंप चालू होता.
ऐकलं नाही असं मी दाखवलं.
तिचं ओरडणं, तोंडाची वाफ,
आणि त्यातलं जे काही असेल ते,
सगळं आत गेलं,
मिनिटाला अठ्ठावीस लिटर.