कारण : अज्ञात

पितृपक्षातल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला
दवा बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात
सगळी खाती एकदम मुकी झाली.
नावं होती तिथंच, पण प्रत्येक नावाला
कसलंसं पाच अक्षरी शेपूट फुटलेलं,
आणि पडद्यावर लाल चौकटीत एक मजकूर,
इतका अदबशीर
की आधी वाटलं, बँकेचंच पत्र आहे.

बहात्तर तास. बाराशे डॉलर.
लालवाणीशेठनी मोबाईलवर गुणाकार केला,
चष्मा काढून पुसला, परत केला.
मग म्हणाले, "टोकेकरबाई, याला जीएसटी लागतो का?"
आणि एकटेच हसले.

आमच्याकडे तापाची औषधं चाळीस कंपन्यांची.
इन्सुलिनच्या फ्रिजला दोन-दोन इन्व्हर्टर.
मुदत संपलेली एक गोळी शेल्फावर सापडली
तर शेठ आकाशपाताळ एक करतात.
संगणकाच्या लसीची मुदत फाल्गुनात संपली होती.
साडेआठशे रुपये.
"पुढच्या महिन्यात बघू," ते म्हणाले होते,
आणि कोपऱ्यात उगवणारी पिवळी खूण
मी रोज सकाळी झुरळ झटकावं तशी झटकत होते.

चौकसेंचा अंकुश आला, पाठीला बॅग,
तीन दिवस तिथंच बसला.
पैसे पाठवू नका म्हणाला,
चोराला कुलपाचे पैसे दिले
तरी किल्ली मिळेलच असं नाही.
बॅकअप? होता की. त्याच मशीनला टोचलेला.
गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.
एक जुनी प्रत सापडली, आषाढातली.
त्यापुढची सगळी उधारी हवेत.

आमच्या बाजारात बातमी लिफ्टच्या आधी खाली पोचते.
विजयनगरचा चकचकीत मेडिकलवाला म्हणाला,
"आमच्याकडं तर काहीच निघत नाही, भिया."
मला आठवत होतं, एक लाख चौदा हजार;
पण आठवणीला व्हाउचर नसतं.
देपालपूरचे गेंदालाल मात्र बसनं आले,
शंभरपानी वहीत स्वतःचंच देणं लिहून घेऊन :
एकेचाळीस हजार दोनशे साठ.
"साठ राहू द्या," शेठ म्हणाले.
त्यांनी राहू दिले नाहीत.

मी उतरवत गेले.
अंकुशचे अठरा हजार, नवं मशीन, चार दिवस बंद काउंटर,
महू नाक्यावरच्या दवाखान्याची ऑर्डर,
जी दुसरीकडे गेली आणि तिकडचीच झाली.
बेरीज तीन लाख बारा हजारांवर थांबली.
म्हणजे, मी थांबवली.

अंकुशनं जाताना बिल माझ्याच हातात दिलं.
त्यात एक रकाना होता : कारण.
त्याला माहीत होतं.
शनिवारी दुपारी दोन चाळीसला
'थकबाकी तातडीची' नावाची फाईल
कुणाच्या खुर्चीवरून उघडली गेली,
हे त्यानं माझ्यासमोर वाचलं होतं, मान वर न करता.
त्या दिवशी मी घाईत होते. घाई तरी कसली,
मावसबहिणीकडे राजेंद्रनगरला डोहाळजेवण होतं.
रकान्यात त्यानं लिहिलं : अज्ञात.
मी चहा विचारला. तो नको म्हणाला.

दिवाळीला शेठ म्हणाले, यंदा हात जरा आखडता.
पाकिटं मीच भरते, वीस वर्षं.
माझं त्यांनी होतं तेवढंच ठेवलं,
बाईंनी रात्री जागून खाती उभी केली म्हणून.
रामरतन हमालाच्या पाकिटात पंधराशे कमी.
त्यानं संगणकाला कधी बोट लावलेलं नाही,
फक्त नव्या मशीनचा खोका डोक्यावरून वर आणला,
त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

नोटा मी दोनदा मोजल्या.
पाकीट चिकटवलं.
ते पंधराशे कुठल्या खात्यात टाकायचे
हे नवं सॉफ्टवेअर विचारत राहतं;
रकाना रिकामा ठेवून
पुढं जाऊ देत नाही.